जुन्या वाड्याची दारं आणि हातातलं सँडर: झाडीपट्टीतल्या एका सुतारकामाचं प्रकरण

पार्श्वभूमी

चंद्रपूर जिल्ह्याच्या धानपट्ट्यातलं हे गाव. माणसांची नावं बदलली आहेत आणि गावाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही.

देवरावभाऊ पिढीजात सुतार. वय पन्नाशीच्या पुढे. घरोघरी ट्रॅक्टर आले तशी वखर-नांगराची कामं आटली. आता घरकुलांच्या चौकटी, दारं, दिवाण, देव्हारे यावर घर चालतं. मुलगा मंगेश आयटीआयमध्ये सुतारकाम शिकून बापाच्या हाताखाली लागला. मी तिथेच निदेशक आहे आणि मंगेश माझा विद्यार्थी, म्हणून हे प्रकरण पहिल्या फोनपासून माझ्यासमोर घडलं.

त्या वर्षी मार्चच्या सुरुवातीला त्यांना मोठं काम मिळालं. गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी पडका वाडा उतरवून स्लॅबचं घर बांधलं होतं. वाड्याची जुनी सागवानी दारंच नव्या घराला लावायची, असा त्यांचा आग्रह होता. आग्रह योग्यच होता. हा आलापल्ली-बल्लारपूरच्या सागाचा मुलूख आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये साग गेला तो इथलाच. वाड्यातलं लाकूड तर कित्येक दशकं वाळून पक्कं झालेलं. तसा माल आज विकत घ्यायचा म्हटलं तर गुरुजींचं पेन्शन पुरलं नसतं.

काम असं होतं: आतल्या दारांचे सहा पल्ले, नक्षीच्या गणेशपट्टीसह दुपाखी मुख्य दार, खिडक्यांची झडपं आणि एक नवा दिवाण. मे महिन्यात गुरुजींच्या नातीचं लग्न होतं. त्याआधी सगळं पॉलिश होऊन बसायला हवं होतं.

अडचण

मंगेशचा प्रश्न सरळ होता, "सर, सँडर घ्याचं हाय. कोणतं घेऊ?"

सँडर म्हणजे लाकूड घासून गुळगुळीत करायचं विजेचं यंत्र. तोवर घासकाम दोनच रीतींनी व्हायचं. एक, लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून हाताने घासणं. दुसरी, चार इंची ग्राइंडरला घासायची चकती लावणं. हाताने एक पल्ला दोन्ही बाजूंनी घासायला जवळजवळ पूर्ण दिवस जायचा. देवरावभाऊंचा उजवा खांदा गेल्या पावसाळ्यापासून धरलेला, हात डोक्याच्या वर जात नव्हता. ग्राइंडर झपाट्याने काम उरकायचा, पण मिनिटाला अकरा हजार फेऱ्यांच्या आसपास फिरणारी ती चकती लाकडात चंद्रकोरीसारखे खळगे पाडते. पॉलिश चढेपर्यंत ते दिसत नाहीत. चढलं की उजेडात एकेक मोजून घ्या.

यंत्राचं नाव सांगण्याआधी मी मंगेशला एक काम दिलं. एक पल्ला नेहमीसारखा हाताने पूर्ण करायचा आणि कोणत्या कामाला किती वेळ लागला ते वहीत लिहायचं. त्या वहीच्या पानाने प्रश्नच बदलला. निम्म्याहून जास्त वेळ घासण्यात गेलाच नव्हता. तो गेला होता जुना ऑइलपेंट काढण्यात. हिरवा, त्याखाली निळा, त्याखाली पुन्हा हिरवा, असे थरावर थर. म्हणजे खरं तर दोन वेगळी कामं होती, रंग काढणं आणि लाकूड गुळगुळीत करणं. बापलेक मात्र एकाच यंत्राकडून दोन्ही उरकायच्या विचारात होते.

रंगावर यंत्र चालवायचं की नाही

या प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णय हा होता, आणि तो सँडर दुकानातून आणण्याआधीच घ्यायचा होता.

जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता दाट असते. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) कायदेशीर मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. वाड्याचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. अशा रंगावर सँडर फिरवला की त्याचं पीठ होतं. ते अंगणात पसरतं, कपड्यांवरून घरात जातं. शिशाचा सगळ्यात वाईट परिणाम लहान मुलांच्या मेंदूवर होतो. देवरावभाऊंचं काम अंगणातल्या मांडवाखाली चालायचं आणि त्याच अंगणात त्यांचा दीड वर्षाचा नातू रांगत-चालत असायचा, हातात येईल ते तोंडात घालायचा.

हे ऐकून देवरावभाऊ जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मंग रंगावर मशीन नाई लावाची. हातानंच काढू."

त्यांनी पोराकडे पाहून हे म्हटलं नसतं तर मीच आडवा आलो असतो. वजनदार बेल्ट सँडर घेऊन जुना रंग उडवणारे सुतार मी तालुक्यात पाहतो. नाकाला दुपट्टा बांधला की झालं, असं त्यांना वाटतं. दुपट्ट्याच्या विणीतून हे पीठ आरपार जातं.

आणखी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. आपल्याकडे सुतारकामाचा कचरा चुलीत जातो. रंगाचे पापुद्रे चिकटलेल्या ढलप्या चुलीत घातल्या तर ते शिसं धुरात आणि राखेत उतरतं, आणि त्याच राखेने भांडी घासली जातात. देवरावभाऊंच्या सुनेला हे सांगितलं तेव्हा तिने त्याच दिवसापासून रंगाच्या ढलप्यांसाठी वेगळं पोतं लावलं.

समोरचे पर्याय

रंगाचा प्रश्न बाजूला झाल्यावर सँडरकडून मागणी नेमकी झाली: उघड्या सागवानी लाकडावरून रंध्याच्या आणि खरवडण्याच्या खुणा घालवायच्या आणि लाकूड लाखेच्या पॉलिशला तयार करायचं. हाताशी आठेक हजार रुपये होते, सुनेच्या बचत गटाकडून उचललेले.

नागपूरला इतवारीत गेल्यावर दुकानदाराने पुढे केलं बेल्ट सँडर. "जास्त वॅटचं घ्या, काम लवकर होते." यंत्र हजार वॅटच्या आसपासचं, वजन तीन किलोंच्या वर. तीन इंची पट्टा एकाच दिशेने धावतो आणि लाकूड भराभर खातो. सपाट फळी, जाड माल, वाकडातिकडा जोड असेल तर याला तोड नाही. पण पल्ल्याची रचना आठवा. उभ्या पट्टीचे रेषे उभे, आडव्या पट्टीचे आडवे, आणि कुसू (खाचेत बसणारी लाकडाची जीभ) बसवलेल्या जागी दोन्ही काटकोनात भेटतात. बेल्ट सँडर एका पट्टीच्या रेषांच्या दिशेने नेला की दुसरीवर आडवे ओरखडे उमटतात. पॉलिशखाली तेच पहिले दिसतात. शिवाय क्षणभर एका जागी थांबला की खळगा पाडतो. दुखऱ्या खांद्याने तीन किलोंचं यंत्र उभ्या दारावर धरणं हा तर वेगळाच त्रास.

दुसरा पर्याय चौकोनी तळाचं साधं ऑर्बिटल सँडर. सुमारे दोनशे वॅट, हलकं, स्वस्त. याच्या बाजूने दोन भक्कम मुद्दे होते. एक, चौकोनी तळ दाराच्या पॅनलच्या कोपऱ्यात शिरतो. दोन, गावच्या दुकानात मिळणारा साधा पॉलिश पेपर कापून याला क्लिपने लावता येतो, एका पूर्ण कागदाचे चार तुकडे होतात. गोल चकत्या तालुक्यातही मिळत नव्हत्या. खेड्यात यंत्र बंद पडतं ते बहुधा मोटर जळून नाही, खाद्य संपून. त्यामुळे हा मुद्दा मी हलका धरला नाही. याचं दुखणं एवढंच की ते सावकाश चालतं, आणि सागासारख्या चिवट, तेलकट लाकडावर तर आणखी सावकाश.

तिसरा पर्याय रँडम ऑर्बिटल, १२५ मिलिमीटर गोल पॅडचा. अडीचशे-तीनशे वॅट, वजन सव्वा-दीड किलो. याची करामत पॅडच्या बेअरिंगमध्ये आहे. मोटरच्या दांड्यावर ते बेअरिंग मध्यापासून जरा सरकवून बसवलेलं असतं, त्यामुळे पॅड अडीच मिलिमीटरच्या आसपास छोटी गिरकी घेतो. त्याच वेळी पॅड स्वतःभोवतीही मोकळा फिरतो. दोन्ही गती मिसळल्या की कोणताही कण एकाच वाटेने पुन्हा जात नाही, म्हणून ओरखड्यांना दिशा उरत नाही. उभी पट्टी आडवीला मिळते तिथे हेच हवं होतं. उणी बाजू म्हणजे गोल पॅड कोपऱ्यात जात नाही आणि चकत्या बाहेरून मागवाव्या लागतात.

मंगेशच्या मनात बॅटरीवरचं सँडर होतं. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे ९० वॅट-तास. सतत घासकामाला ती अर्ध्या तासाच्या आसपास पुरते. दिवसभराच्या कामाला तीन-चार बॅटऱ्या आणि चार्जर लागले असते. बजेट तिथेच संपलं.

विजेचं गणित

दुकानात या गोष्टीबद्दल कोणी बोलत नाही, पण आपल्याकडे निर्णय बऱ्याचदा इथेच होतो. मार्च-एप्रिलमध्ये उन्हाळी धानाचे पंप चालू असतात. दुपारनंतर मंगेशच्या मीटरवर कधी कधी १७० व्होल्ट दिसायचे. २३० वर चालणाऱ्या कार्बन ब्रशच्या मोटरला १७० मिळाले की ताकद चांगलीच उतरते. हजार वॅटचं यंत्र अशा वेळी ओढत चालतं, कामगार जोर देतो आणि मोटर तापते. लहान यंत्रालाही फटका बसतो, पण त्याची गरजच मुळात कमी असते, त्यामुळे भागतं.

शिवाय घरी पंखे-लाइटसाठी इन्व्हर्टर होता. तीनशे वॅटचं सँडर त्यावर चालतं. भरलेल्या दीडशे अँपिअर-तासाच्या बॅटरीवर तीनेक तास काम निघतं. बेल्ट सँडर त्या इन्व्हर्टरने पेललाच नसता. एक अट मात्र पाळावी लागते. वेग कमी-जास्त करायचं इलेक्ट्रॉनिक बटण असलेलं यंत्र साइन वेव्ह इन्व्हर्टरवरच (मेन लाइनसारखी सलग लहरीची वीज देणाऱ्या) लावावं. यांचा सुदैवाने तसा होता.

निर्णय

रँडम ऑर्बिटल घेतलं. वेग बदलता येणारं, नागपूरला सर्व्हिस सेंटर असलेल्या कंपनीचं, सहा हजारांच्या आत. उरलेल्या पैशांत ८०, १२० आणि १८० नंबरच्या (नंबर मोठा तितका कागद बारीक) आठ छिद्रांच्या चकत्या, एन-९५ मास्क, गॉगल आणि पंचवीस फूट जाड वायर. कोपऱ्यांचं काम हातानेच करायचं ठरलं, कारण एका पल्ल्यात कोपऱ्यांचा वाटा थोडा. चौकोनी सँडर घेतलं असतं तर थोड्या कोपऱ्यांसाठी सगळं सपाट काम संथ झालं असतं.

गणेशपट्टीला यंत्र लावायचं नाही, हे गुरुजींसमोरच ठरवून घेतलं. नक्षीच्या कडा एकदा गोल झाल्या की त्या परत येत नाहीत.

काय केलं

रंग काढायला आठवडाभर गेला. मोकळ्या हवेत, हातमोजे घालून रिमूव्हर लावायचा, थर फुगला की पत्तीने ओला-ओलाच खरवडायचा, खाली प्लास्टिक अंथरलेलं. नातवाला तेवढे दिवस आजीने मागच्या दाराने ने-आण केली.

मग प्रत्येक पल्ल्यातले जुने खिळे हुडकले. जुन्या लाकडात डोकं तुटलेला खिळा लपलेला असतो. तो चकती फाडतोच, वर पॅडलाही इजा करतो. देवरावभाऊ बोटं फिरवून खिळा ओळखत होते. मंगेशने पुढे एक चुंबक दोरीला बांधून घेतलं.

सँडरच्या पहिल्याच दिवशी घोळ झाला. ग्राइंडरची सवय असल्यामुळे मंगेश यंत्रावर सगळा भार टाकत होता. दाबलं की पॅडचं फिरणं थांबतं, नुसतं थरथरणं उरतं. मग लाकडावर बारीक वेटोळी उमटतात आणि पॅडचं वेलक्रो तापून मऊ पडतं. सांगून पटलं नसतं, म्हणून पॅडच्या कडेवर खडूने एक आडवी रेघ मारून दिली. यंत्र चालू असताना रेघ गोल फिरताना दिसली पाहिजे. रेघ थांबली की हात हलका करायचा. दोन तासांत त्याला हात बसला. पुढे रेघेकडे बघायचीही गरज उरली नाही, आवाजावरून कळायला लागलं.

दुसरी युक्ती पेन्सिलची. प्रत्येक नंबरच्या आधी सगळ्या पल्ल्यावर पेन्सिलने हलक्या तिरप्या रेघा मारायच्या आणि त्या पूर्ण जाईपर्यंतच घासायचं. याने दोन फायदे होतात. कुठे घासायचं राहिलं ते दिसतं, आणि उगाच जास्त घासून चकत्या संपत नाहीत. मग ओलं फडकं फिरवायचं. ओल्यावर ८० नंबरचे ओरखडे उमटून दिसतात. ते १२० ने गेले नसतील तर १८० वर जायचंच नाही. घाईत सगळे इथेच चुकतात. ८० चे ओरखडे १८० ने घालवायला बसलात तर वेळही जातो आणि चकत्याही.

साग तेलकट, त्यामुळे कागद लवकर बुजतो. पांढरट मेणचट लेप असलेल्या चकत्या कमी बुजतात. त्यांना चार पैसे जास्त पडतात, ते सागासाठी द्यावेत. चकतीची छिद्रं पॅडच्या छिद्रांशी जुळवून लावली तरच भुसा डब्यात जातो. सुरुवातीला मंगेश चकती कशीही चिकटवत होता आणि डबा रिकामा राहत होता.

वेळापत्रकही बदललं. पहाटे सहा ते दहा सँडरचं काम, दुपारी सावलीत कोपरे आणि जोड. सकाळी ऊन कमी, व्होल्टेज बरं, आणि मास्क सहन होतो. एप्रिलच्या दुपारी चंद्रपूर जिल्ह्यात मास्क लावून काम करणं किती कठीण आहे, ते केलेल्यालाच कळेल.

निष्पत्ती

घासकामाचा वेळ एका पल्ल्यामागे दिवसावरून तीन-साडेतीन तासांवर आला, कोपऱ्यांचं हातकाम धरून. दारं लग्नाच्या आठवडाभर आधी बसली. गणेशपट्टीच्या खोबणीत जुन्या निळ्या रंगाचा अंश राहिला. गुरुजींना तो आवडला. त्यावर लाखेचा थर देऊन बंद केला, म्हणजे रंग सुटत नाही.

खांद्याचा त्रास कमी झाला, थांबला नाही. सँडरची थरथर मनगटात उतरते, म्हणून दोघांनी आलटून-पालटून काम करायची सवय लावली.

मास्कच्या बाबतीत यश अर्धंच. मंगेश नियमाने वापरतो. देवरावभाऊ अजून दुपट्ट्यावरच आहेत. लाकडाच्या भुश्श्याला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच माणसात कर्करोग करणाऱ्या गटात टाकलंय, धोका मुख्यतः नाकाच्या पोकळीला. सागाच्या भुश्श्याने खाज आणि दमा उसळणं तर सुतारांना नवीन नाही. मी हे सांगितल्यावर ते म्हणाले, "चाळीस वर्स झाले सर, काही नाई झालं." यावर माझ्याकडे जादूचं उत्तर नाही. सून रोज सकाळी मास्क सँडरच्या डब्यावरच ठेवते. कधी तरी तो लावला जातो.

पैशाच्या बाजूने पाहिलं तर कामात नफा अपेक्षेपेक्षा कमी निघाला. त्याचं कारण यंत्र नव्हतं, भाव होता. भाव सांगताना रंग काढायचा आठवडा आणि चकत्यांचा खर्च धरलाच नव्हता. चकत्यांच्या खर्चाने यंत्राच्या किमतीचा चांगला मोठा हिस्सा खाल्ला. पावसाळ्यात वेलक्रोचा पॅडही बदलावा लागला, पहिल्या दिवसांतल्या तापण्याचा तो हिशेब होता.

वेगळं काय करता आलं असतं

यंत्र विकत घेण्याआधी ब्रह्मपुरीकडच्या एखाद्या ओळखीच्या सुताराकडून दिवसभरासाठी तिन्ही प्रकार मागून आणता आले असते. एकाच पल्ल्याच्या तीन पट्ट्यांवर तिन्ही चालवून पाहिलं असतं तर दुकानदाराचं आणि माझंही बोलणं बाजूला राहिलं असतं. मंगेशने पुढे दुसऱ्या एका सुताराला हाच सल्ला दिला.

चकत्या शंभराच्या डब्याने आधीच मागवायला हव्या होत्या. मध्येच १२० नंबर संपला आणि पार्सल येईपर्यंत दोन दिवस काम अडलं. आता पहिला डबा अर्धा झाला की दुसरा मागवतात.

भुसा ओढणारा छोटा व्हॅक्यूम क्लीनर जोडता आला असता. सँडरचा स्वतःचा डबा बारीक पीठ पूर्ण धरत नाही. पुढच्या खरेदीत मी सगळ्यात आधी हेच सांगेन, दुसऱ्या सँडरच्याही आधी. बजेट आठ हजारच असेल तर थोडं कमी किमतीचं सँडर घेऊन उरलेले पैसे त्यात घालावेत.

आणि भाव ठरवताना जुना रंग असेल तर त्याचा दर वेगळा, चौरस फुटावर, गिऱ्हाइकाला आधीच सांगून. देवरावभाऊंनी हे लगेच उचललं. पुढच्या वाड्याचं काम आलं तेव्हा त्यांनी आधी कोपऱ्यातला थोडा रंग खरवडून किती थर आहेत ते पाहिलं आणि मगच आकडा सांगितला.

बेल्ट सँडर अजून घेतलेलं नाही. जाड फळ्यांच्या जेवणाच्या टेबलांची मागणी तालुक्यात वाढते आहे, आणि तसं काम हातात आलं तर ते घ्यावं लागेल. मंगेशने त्यासाठी वहीत एक पान राखून ठेवलंय. सपाट, एकाच दिशेच्या रेषांचं काम महिन्यात किती आलं, तेवढंच तो त्यावर लिहितो.